घाडगे हवालदाराचं वकिलीचं पहिलं वर्ष

बाळासो घाडगे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन वडूजजवळच्या आपल्या गावी आला, तेव्हा चुलतभाऊ केरबानं त्याच्या शेताकडं जाणाऱ्या वाटेवर चर खणून ठेवला होता. गावातल्या चार जणांनी मध्ये पडून बघितलं, त्यात बरेच महिने गेले. मग बाळासोनं तहसीलदाराकडं दावा टाकला. पहिल्याच सुनावणीला केरबाच्या वकिलानं त्याला बोलूच दिलं नाही. कायद्यातलं कळत नसेल तर वकील लावा, असं सगळ्यांदेखत सुनावलं.

बाळासोनं वकील लावला नाही. नोकरीत असतानाच मुक्त विद्यापीठाची बी.ए. झाली होती, सीईटी देऊन त्यानं साताऱ्यात एलएलबीला प्रवेश घेतला. बायकोला म्हणाला, "त्या वकिलाचं तोंड बंद केल्याबिगर मी थांबणार न्हाई."

वर्गात त्याच्या निम्म्या वयाची पोरं. त्यांचं उशिरा येणं, मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसणं त्याला खपत नसे. तो दरडावायचा आणि ती त्याला मागून ‘कलम’ म्हणायची, कारण बाळासोचा अभ्यास म्हणजे पाठांतर. पहाटे गच्चीवर येरझारा घालत तो करार कायदा मोठ्यानं घोकायचा आणि वर्गात कुणी विचारायच्या आत स्वल्पविरामासकट म्हणून दाखवायचा.

पहिल्या सत्रात तो नेमका करार कायद्यातच नापास झाला.

उत्तरपत्रिकेची प्रत मागवून त्यानं ती ग्रंथालयातल्या टेबलावर आपटली. परीक्षकानं डूख धरलाय, असं ग्रंथपालाला ऐकवू लागला. शेजारी वर्गात पहिली आलेली शिवांजली बसली होती. तिनं न विचारताच प्रत ओढून वाचली.

"ट्रॅक्टर विकणाऱ्यानं होकार यायच्या आत माघार घेतली, तर करार झाला का, असा प्रश्न आहे," ती म्हणाली. "तुम्ही चार कलमं लिहिलीत. करार झाला की नाही, ते कुठंच नाही."

"तू मला शिकवणार व्हय?"

"मला हौस नाही. पण असंच लिहिलंत तर पुन्हा नापास व्हाल."

ती पोरगी त्याला डोळ्यांसमोर नकोशी झाली. पण ती अभ्यास कसा करते, ते त्यानं नीट बघून ठेवलं. ती निकालपत्र अख्खं वाचायची. काय घडलं, वाद कशाचा, कोर्टानं काय ठरवलं आणि का, हे आपल्या शब्दांत उतरवायची. वर्गात झालेल्याची त्याच दिवशी उजळणी करायची. रोज एक जुना प्रश्न घड्याळ लावून सोडवायची. बाळासोनं ईर्ष्येनं तेच सुरू केलं. उत्तरं तपासायला मात्र कुणी नव्हतं. सर त्याच्या वयाकडं बघून नुसतं छान म्हणायचे. शेवटी त्यानं कागद शिवांजलीपुढं टाकला आणि चुका काढायला सांगितलं. तिनं लाल पेनानं पान रंगवलं. त्यानं ते तिच्यासमोर फाडलं आणि पुन्हा लिहून आणलं. वर्ष संपेपर्यंत हेच चाललं. एकमेकांचं गाव कुठलं, हेही दोघांनी कधी विचारलं नाही.

प्रश्न सोडवताना आधी घटना तारखेवार मांडायची सवय लागली होती. तशाच त्यानं एकदा स्वतःच्या भांडणाच्या तारखा मांडल्या आणि मधले महिने बोटांवर मोजले. जुनी वाट अडवल्याचा दावा सहा महिन्यांच्या आत करायचा असतो. त्याचा उशिरा दाखल झाला होता. केरबाचा वकील हे ओळखून योग्य वेळेची वाट बघत असणार.

बाळासोनं तो दावा काढून घेतला आणि बांधावरून नवी वाट मिळावी म्हणून वेगळा अर्ज केला. सुनावणीत वकील खवळून बोलत राहिला. बाळासोनं एकही कलम म्हटलं नाही. नकाशा पुढं ठेवून माझ्या रानाला दुसरा रस्ता कुठला, एवढंच विचारलं. तहसीलदारांनी जागा पाहिली आणि वाट दिली.

त्या वर्षी तो राहिलेल्या करार कायद्यासकट सगळ्या विषयांत पास झाला. शिवांजलीनं निकाल बघून त्याचं अक्षर वाईट असल्याचं सांगितलं.

केरबानं आता प्रांताकडं अपील केलंय. बाळासोला बघितलं की तो रस्त्यात थुंकतो. बाळासो न थांबता पुढं जातो. घरी त्याची अपिलाची तयारी चालू आहे.