घरामागची गळती

पाटकऱ्याने जन्मभर कालव्याचं पाणी राखलं. पाणीचोर म्हणून त्याच्या शिव्या खाल्ल्या नाहीत, असा शेतकरी विरळाच. आता गळती थांबवायला कोरड्या कालव्याला सिमेंटचं अस्तर लागत होतं. मुकादमाने विचारलं, "काका, पाणी सोडलं की अजून कुठं गळतं?"

पाटकरी पायाने माती उकरू लागला. सगळ्यात मोठी गळती त्याच्याच घरामागे होती. बायकोची वांगी-मिरची त्याच पाण्यावर जगत होती.

मागच्या वाफ्यातून बायको खुरपं टाकून उठली. "सांगा की! लोकांना चोर म्हणताना घसा बरा चालायचा!"

"आणि तुझी वांगी?"

"शेवटच्या शेतांना कधी पाणी पोचलंय का? तिथल्या लोकांनाही पोटं आहेतच."

त्याने घरामागच्या गळतीकडे बोट दाखवलं. अस्तर वाळेपर्यंत दोघांनी सगळी वांगी तोडली, कोवळीसुद्धा.