सुनंदाच्या हातातलं शहाळं

आमच्या दुकानाच्या दाराला लिंबू-मिरची टांगलेली नाही. घरात लिंबू येतं ते पोह्यांवर पिळायला. नजर, बाधा, बाहेरचं... यातलं मी कधी काही मानलं नाही, आणि हे लिहून झाल्यावरही मानीन असं वाटत नाही. पण जे डोळ्यांनी पाहिलं आणि नाकानं हुंगलं, ते नाकारू कसं?

मी चिखलीचा. धान्याची अडत आहे. वीस-बावीस वर्षं सोयाबीन, तूर, हरभरा मुठीत घेऊन वास घेतोय. ओल कुठवर गेली, बुरशी कधी लागली, हे पोत्याच्या तोंडाशी नाक नेलं की कळतं. तेव्हा नासकं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवू नये. आणि दुसरी गोष्ट — मला उष्ट्याची फार किळस आहे. सख्ख्या आईच्या पेल्यातलं पाणीही मी कधी प्यायलो नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आम्ही पोर्ट ब्लेअरला गेलो. मी, बायको सुनंदा आणि तिचे थोरले भाऊ दिलीपभाऊ. ते डोणगावला शाळेत विज्ञान शिकवतात. शहर छान होतं, खोटं कशाला बोलू. चढ-उताराचे रस्ते, कुठूनही खाली पाहिलं की समुद्र, आणि पाच वाजले की दिवस बुडालेला. फक्त दमट फार. धुतलेला रुमाल दुसऱ्या दिवशीही ओलाच, आणि घरून नेलेला चिवडा उघडल्यावर तासाभरात मऊ.

पहिल्याच दिवशी दुपारी समुद्राकाठच्या रस्त्यावर शहाळी घेतली. विकणारी एक म्हातारी बाई होती. आमच्यासमोर कोयत्यानं तीन तोडून दिली. माझं गोड, दिलीपभाऊंचं गोड. सुनंदानं नळीनं एक घोट घेतला आणि रस्त्यावर थुंकली.

"काय झालं वं?" मी विचारलं.

तिनं शहाळं माझ्याकडे केलं. वास आला. गटारात मेलेली घूस आठ दिवस पडली की येतो, तसला. म्हातारीनं ते फोडलं. मलई करडी, पुवासारखी, बोटाला तार सुटणारी. आणि तिच्यात बारीक पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

म्हातारी ओशाळली. "ऐसा कभी नहीं निकला, दीदी," म्हणाली आणि दुसरं तोडून तिच्या हातात दिलं. तेही तसंच. तिसरं तिनं वेगळ्या ढिगातलं घेतलं. ते तोडताना आतलं पाणी मी स्वतः पाहिलं, काचेसारखं स्वच्छ. सुनंदाच्या हातात गेलं आणि पुन्हा तोच वास.

"एखांदं झाड रोगट असन," दिलीपभाऊ म्हणाले.

हॉटेलवर तिनं केळं सोललं. आत काळा चिखल. इडली मोडली तर आतून चिकट धागे. सीलबंद पाण्याच्या बाटलीचं झाकण तिनं फिरवलं आणि खोलीभर घाण सुटली. पाण्यावर हिरवट साय धरलेली. मॅनेजर धावत आला, माफी मागितली, खोली बदलून दिली. नव्या खोलीतही तेच.

दुसऱ्या दिवशी दिलीपभाऊंनी एकाच खोक्यातल्या दोन बाटल्या आणल्या. दोन्ही स्वतः उघडल्या, हुंगल्या, एक मला दिली, एक तिला. माझी चांगली. तिची माझ्या डोळ्यांदेखत गढूळ होत गेली... दुधात लिंबू पिळावं तशी. मग त्यांनी तिसरी उघडून तिला दिली. तीही तशीच झाली.

"जावईबापू, हे मले समजून नाही राह्यलं," दिलीपभाऊ म्हणाले.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट तपासलं, हवापालट म्हणाले, साखर-मिठाचं पाणी द्यायला सांगितलं. ते पाणी तिच्या हातात टिकेल तर ना! सुनंदाला मधुमेह आहे. दीड दिवस तिच्या पोटात काही नव्हतं. ओठ फुटले होते, उठली की भोवळ यायची. परतीचं विमान अजून दोन दिवसांनी होतं, आधीच्यात जागा नव्हती. मी स्वतः पेला तिच्या तोंडाशी नेला तरी पाणी नासायचं, आणि ती ओठ घट्ट मिटून मान फिरवायची. मला वाटायचं, बिचारीला वास सहन होत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती हॉटेलच्या पायरीवर बसली होती. मी शेजारी शहाळं पीत होतो. हो, तिच्यासमोर पीत होतो. घसा कोरडा पडला होता, आणि तिला द्यायची हिंमत उरली नव्हती. अर्धं झालं असेल. तिनं ते माझ्या हातातून ओढून घेतलं आणि माझ्याच नळीला तोंड लावलं. मी वासाची वाट पाहत राहिलो. वास आलाच नाही. शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली, मग रडली.

मग लक्षात आलं. मी आधी तोंड लावलेलं तिच्या हातात नासत नव्हतं.

पुढचे दोन दिवस मी काय केलं ते लिहायला संकोच वाटतो. भाताचा प्रत्येक घास आधी मी चाखायचा, मग तिनं. नुसता चमचा ओठाला लावून भागत नव्हतं, तोंडात घालावं लागायचं. माझ्या तोंडातला ओला भात ती खायची, आणि तिचा चमचा परत माझ्या तोंडात. दर घासाला मला उमासा यायचा. सगळ्यात वाईट गोळ्या. पाकिटातून काढलेली मधुमेहाची गोळी तिच्या तळहातावर हिरवट लगदा व्हायची. मग दुसरी गोळी मी जिभेवर धरायचो, ती विरघळायला लागायची, कडू थुंकी गळ्यात उतरायची, आणि तसलीच ती मी तिच्या जिभेवर ठेवायचो. दिलीपभाऊ तोंड फिरवून उभे राहायचे.

परतताना चेन्नईला उतरल्यावर मी पाण्याची बाटली आणायला गेलो होतो. परत आलो तर ती कुणा सहप्रवासिनीनं दिलेलं संत्रं आपल्या हातानं सोलून खात होती. स्वच्छ, रसाळ संत्रं. त्यानंतर आजतागायत काहीही झालेलं नाही. साखर आटोक्यात आहे, जेवण नीट आहे.

दिलीपभाऊ जीवाणू, दमट हवा, मीठ असं काहीबाही वाचत असतात.

मागच्या महिन्यात एका दुपारी जेवताना मी सहज म्हणालो, "तो वास आठवला की अजून घास उतरत नाही. तू कसा सहन केला?"

सुनंदानं हातातला घास ताटात ठेवला. मग हळूच म्हणाली, "मले तसला वास आलाच नाही."

"मंग थुकली काऊन?"

"लय गोड होतं ते. अळ्या मले बी दिसत होत्या, तुम्हाले दिसत होत्या तशाच. तरी ते सगळं खाऊन टाकावं वाटे. अळ्यांसकट. पाणी, केळं, सगळ्यालेच तसा गोड वास. म्हणून मी तोंड गच्च मिटून बसत होती. एकदा गिळलं असतं तर मंग थांबली नसती."

"सांगितलं काऊन नाही?"

"तुम्ही माह्या तोंडातला चमचा तुमच्या तोंडात घालत होते," ती म्हणाली. "कसं सांगू?"

त्या दिवशी माझं जेवणही तसंच राहिलं.