दिव्यांचं गेट्टी मेळम

तंजावुरात असा एकही आवाज उरला नसेल, ज्याला माझ्या नणंदेच्या यजमानांनी दिवा जोडून पाहिला नाही. स्वतः नादस्वराच्या लांब सनईचे वेडे, आणि एकुलत्या एक लेकीला जन्मापासून ऐकू येत नाही. तिला गाणं मिळायचं नाही, हे त्यांनी कधी मान्यच केलं नाही. आवाज चढेल तसा दिवा उजळवणारी पेटी त्यांनी घरीच बनवली आणि आधी स्वयंपाकघरावर लावली. कुकरची शिट्टी झाली की भिंत पिवळीधमक, मिक्सर फिरला की लाल. नणंद चिडली की सगळे रंग एकदम, आणि लेक खुणेनं विचारायची, ‘आज कोणावर?’ नणंद मला म्हणे, “वहिनी, माझ्या घरात आता भांडायचीसुद्धा चोरी!”

लेकीचं लग्न ठरलं. मुलगा पापनाशमचा, त्यालाही तिच्यासारखंच ऐकू येत नाही. कामांच्या याद्या अर्थात माझ्याकडे. मी दिवे ‘रोषणाई’त लिहिले, त्यांनी खोडून ‘वाद्यां’त नेले. मंगळसूत्र बांधताना आमच्याकडे नादस्वर आणि तविलचा ढोल एकदम कडाडतात, शिंक किंवा रडणं कोणाच्या कानी पडू नये म्हणून. तेच गेट्टी मेळम. यजमान म्हणाले, “अय्यो वहिनी, सगळ्या मांडवानं ते ऐकायचं, आणि जिचं लग्न तिनंच नाही?”

तविलला लाल दिवे, नादस्वराला पिवळे, मंत्रांना निळे. बाहेरचा गोंगाट मिसळू नये म्हणून मंत्रांचा माइक गळ्यालाच चिकटवायचा होता. भटजी कडाडले, “माझ्या गळ्यात वायर? माझा खोकलाही मांडवाला दाखवणार काय?” शेवटी यजमानांनी तो स्वतःच्या गळ्याला लावला आणि भटजींच्या मागून प्रत्येक मंत्र घोकला. अर्धे चुकले, पण दिवे लागले.

मुहूर्ताला गेट्टी मेळम कडाडलं आणि छतभर लाल-पिवळा उजेड उसळला. पुढच्या रांगेतली लेकीची ऐकू न येणारी मित्रमंडळी दोन्ही हात उंचावून, हलवून त्यांच्या पद्धतीच्या टाळ्या देऊ लागली. नवरी तर भर बोहल्यावर नवऱ्याच्या गुडघ्यावर ताल धरून हसत होती. मग एकदम थबकली. मंत्र थांबले होते, तरी निळे दिवे थरथरत होते. त्या गदारोळात आम्हा ऐकणाऱ्यांना काहीच कळलं नाही. तिनं मात्र सरळ बापाकडे पाहिलं. ते उपरण्यात तोंड खुपसून उभे होते.

मंगळसूत्राची गाठ अजून पडायची होती, तिला उठता येईना. तिनं बसल्या जागेवरूनच हात हलवला. मला त्या खुणा फारशा येत नाहीत, पण तेवढी समजली: ‘अप्पा, ऐकू आलं.’