मुद्दाम चुकणारे हिलाल सर

शिंदखेड्याच्या ज्युनिअर कॉलेजात हिलाल सर गणित शिकवतात आणि मी मराठी. आमच्या दोन वर्गांमध्ये प्लायवूडची भिंत आहे, म्हणजे नसल्यासारखीच. इकडे मी विरहाची कविता रंगवत असते आणि तिकडून चाळीस कार्टी एका सुरात अहिराणीत ओरडतात, ‘‘सर, चुकनात!’’ म्हणजे, सर, चुकलात! माझी नायिका रडता रडता थांबते आणि वर्ग फिदीफिदी हसतो. या माणसाचा मला किती संताप येतो, ते मी त्यांना तोंडावर सांगितलंय. ते नुसतं हसतात.

गेल्या वर्षीपर्यंत हा गोंधळ नव्हता, कारण ओरडायला पोरंच नव्हती. बारावी सायन्सची मुलं नाव इथे घालायची आणि धुळ्याला क्लासला पळायची. गणिताच्या तासाला पाच-सहा डोकी. प्राचार्यांनी सांगून टाकलं, वर्ग भरला नाही तर गणित बंद आणि तुम्ही अतिरिक्त. अतिरिक्त शिक्षक म्हणजे सरकार पाठवील त्या गावी बिऱ्हाड हलवायचं. सरांची बायको कुंदाबाई इथे अंगणवाडी चालवते, आई अंथरुणाला खिळलेली. सरांची झोपच उडाली.

मग त्यांनी ही टूम काढली. रोज फळ्यावर एक चूक लपवायची. घंटा व्हायच्या आत जो ती पकडेल, तो सरांना वर्गासमोर अंगठे धरायला लावणार. कधी डेरिव्हेटिव्हपुढे उगाच उणे चिन्ह, कधी इंटिग्रेशनच्या उत्तराला शेवटी जोडायचा स्थिरांक ‘सी’ गाळलेला. मास्तराला अंगठे धरायला लावायला मिळतं म्हटल्यावर क्लासला कोण बसतंय! फी भरलेली पोरंसुद्धा एसटीने परत यायला लागली. चूक पकडायची तर आधी बरोबर काय ते यायला हवं, म्हणून कार्टी घरून इंटिग्रेशन घोटून यायची. आपण अभ्यास करतोय हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

घोटाळा केला सुलक्षणाने. ही वर्गातली सगळ्यांत हुशार आणि तितकीच बडबडी मुलगी. आज सर काय चुकले ते ती रोज जेवताना घरी सांगायची. तिचे वडील निंबा आबा, कपाशीवाले शेतकरी, तडक प्राचार्यांकडे आले. ‘‘जो मास्तर रोज चुकस, तो पोरेसले काय शिकाडी? त्याले बदला!’’

प्राचार्य स्वतः जुने गणितवाले. दुसऱ्याच दिवशी ते आबांना घेऊन शेवटच्या बाकावर बसले आणि साक्षीला मलाही ओढलं. हिलाल सर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. आज एकही चूक करायची नाही, असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. साइन एक्स गुणिले कॉस एक्स, याचं इंटिग्रेशन त्यांनी जपून सोडवलं. उत्तर आलं साइन स्क्वेअर एक्स भागिले दोन, अधिक सी. पोरं माना वाकड्या करून चूक शोधत होती, आणि ती काही सापडेना.

तेवढ्यात माझ्या शेजारून प्राचार्य गरजले, ‘‘चुकलात! याचं उत्तर उणे कॉस टू एक्स भागिले चार!’’

आबांनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. सर पांढरेफटक पडले. ‘‘हो साहेब, चुकलंच,’’ म्हणत त्यांनी डस्टर उचललं.

‘‘पुसू नका, सर!’’ सुलक्षणा उठली आणि सरळ फळ्यापाशी गेली. तिने दोन्ही उत्तरांचं डेरिव्हेटिव्ह काढलं. दोन्हींतून मूळचंच साइन एक्स गुणिले कॉस एक्स निघालं. मग ती प्राचार्यांकडे वळली. ‘‘दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. त्यांच्यात फक्त एक छेद चारचा फरक आहे, तो सीमध्ये जातो. पण साहेब, तुम्ही सी लावलाच नाही.’’

मग अख्खा वर्ग प्राचार्यांकडे बघून ओरडला, ‘‘सर, चुकनात!’’ खोटं कशाला बोलू, त्यात माझाही आवाज होता.

प्राचार्यांनी फळ्याकडे निरखून पाहिलं, मनाशी काहीतरी पुटपुटले आणि हसू दाबत म्हणाले, ‘‘बरोबर बोलतेय कार्टी.’’ आबांना यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. त्यांनी मला हळूच विचारलं, ‘‘काय झायं, बाई?’’

‘‘तुमच्या मुलीने साहेबांची चूक काढली, आबा.’’

‘‘मन्ही पोर शे ती,’’ आबा म्हणाले, टोपी सारखी केली, आणि तक्रारीचं नाव पुन्हा काढलं नाही.

स्टाफरूममध्ये मी सरांना धारेवर धरलं. ‘‘उत्तर बरोबर आहे हे तुम्हाला कळत नव्हतं?’’

‘‘कळत होतं, मॅडम. पण वाटलं, साहेबांचं म्हणणं मान्य केलं तर निदान हे गाव तरी सुटणार नाही.’’ त्यांनी हातातलं डस्टर टेबलावर ठेवलं. ‘‘वर्षभर खोट्या चुका केल्या. खरी चूक आज करायला निघालो होतो, आणि ती पोरीने पकडली.’’

मला अजून बरंच बोलायचं होतं, पण मी माझा चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. माझेच डोळे भरून आले होते.