फोरमनची साखर

गोरक्षच्या कंपनीत, स्क्रॅपच्या ढिगाजवळच्या खोक्यात ते पिल्लू सापडलं तेव्हा मुठीएवढं होतं. पुढे तो बोका असा काही फुगला, की रतनबाईंच्या मांडीत मावेना. काम कवडीचं करायचा नाही. सकाळी अंगणापासून गोठ्यापर्यंत एक फेरी मारायची, सगळ्यांकडे नापसंतीनं बघायचं आणि सावलीला जाऊन पडायचं. म्हणून गोरक्षनं त्याचं नाव ठेवलं फोरमन. रतनबाई लाडानं फोरम्या म्हणायच्या. लाड तरी किती! दुधात भाकरी कुस्करायची, वर बिस्किटाचा चुरा घालायचा, आणि खाऊन झालं की पदरानं त्याचं तोंड पुसायचं. उंदीर त्याच्या समोरून खुशाल फिरायचे.

चाकणच्या अलीकडच्या त्या गावात रतनबाईंची निम्मी जमीन केव्हाच कंपन्यांच्या कंपाउंडच्या आत गेलेली. मालक जाऊन काही वर्षं झालेली. मुलगा गोरक्ष आणि सून सुप्रिया, दोघंही कंपनीत, दोघांच्या शिफ्टा आठवड्याला बदलणार. त्यामुळे घरात उरायचे दोघंच, रतनबाई आणि फोरमन. दिवसभराचं बोलणं त्याच्याशीच. तो उत्तर देत नसे, पण मालक तरी कुठे देत होते!

गेल्या उन्हाळ्यात फोरमन पाण्याच्या बादलीपाशी मुक्कामाला गेला. सारखा पाणी प्यायचा आणि सारखा गोठ्यामागच्या वाळूत जाऊन बसायचा. खाणं दुप्पट, तरी अंग उतरत चाललं. मागचे पाय असे खचले, की ओट्यावर उडी मारायला गेला की आपटायचा आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं अंग चाटत बसायचा. एक दिवस रतनबाईंना त्या वाळूत मुंग्यांची रांग दिसली.

"सुप्रिया, हितं चहा कुनी सांडला?" त्यांनी आवाज चढवला.

"आई, मी तिथं कशाला चहा प्यायला जाऊ? ती त्याची जागा आहे."

दोघी वाकून ती रांग बघू लागल्या. रतनबाईंना स्वतःला कितीतरी वर्षांची साखर. लघवीला मुंग्या लागल्या म्हणजे काय, हे त्या घरात कुणी कुणाला शिकवायला नको होतं.

निगडीच्या जनावरांच्या डॉक्टर, दिपालीताई, यांनी रक्त तपासलं आणि तेच सांगितलं. मधुमेह. सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन, ठरल्या वेळेला, आधी खाणं आणि मग सुई.

"आन न्हाई दिलं तर?" रतनबाईंनी विचारलं.

"तर तो फार दिवस काढणार नाही, मावशी."

गोरक्षनं सुप्रियाकडे पाहिलं, सुप्रियानं गोरक्षकडे. दोघांच्या डोक्यात शिफ्टा फिरत होत्या. सकाळ आणि संध्याकाळ, रोज, घरात असणारं माणूस एकच. आणि ते माणूस असं, की स्वतःचं रक्त काढून देताना डोळे मिटून देवाचा धावा करायचं.

"मी देते," रतनबाई म्हणाल्या. म्हणून तर बसल्या, पण घरी येईपर्यंत डोक्यात एकच धास्ती. आपल्या हातून चुकलं तर आपला फोरम्या जाईल, दुसरं काही नाही.

डॉक्टरांनी फळावर सराव करायला सांगितलं होतं. घरात फळ नव्हतं, वांगी होती. रतनबाईंनी तीन दिवस वांग्यांना पाण्याची इंजेक्शनं दिली. सुप्रियानं भाजी चिरायला घेतली, तर एकेक वांगं हातात घेऊन म्हणाली, "यंदा कीड फार दिसतेय." रतनबाईंनी मान डोलावली. भरली वांगी मात्र त्या दिवशी फारच रसरशीत झाली.

बोक्याचं प्रकरण वांग्यासारखं सोपं नव्हतं. पहिल्या दिवशी सुई कातडीतून आरपार निघाली आणि औषध केसांवर सांडलं. दुसऱ्या दिवशी फोरमननं मनगटावर ओरखडा काढला. मग रतनबाईंनाच युक्ती सुचली. उकडलेलं चिकन पुढ्यात ठेवायचं, त्याचं बरंचसं खाऊन झालं की मानेमागची कातडी चिमटीत धरायची, आणि तो शेवटचे तुकडे चघळत असतानाच सुई आत-बाहेर. "झालं हं राजा," म्हणायचं आणि पाठ थोपटायची. ज्या घरात सोमवारी अंडंसुद्धा शिजत नव्हतं, तिथे सोमवारी चिकन शिजू लागलं. महादेव समजून घेईल, असं रतनबाईंनी महादेवाला न विचारताच ठरवून टाकलं.

बोका सुधारू लागला. अंगावर मांस धरलं, फेरी पुन्हा सुरू झाली. आणि सगळं सुरळीत चाललं असताना रतनबाईंनी घोटाळा केला, तोही अतिशय काळजीपूर्वक.

डॉक्टरांनी पुन्हा तपासणीला बोलावलं होतं. आता रक्त तपासायचं म्हणजे उपाशीपोटी, हे त्यांच्या हाडीमासी भिनलेलं. दरवेळी लॅबमधला पोरगा दटावायचा, "आजी, चहासुद्धा नाही घ्यायचा." म्हणून त्यांनी फोरमनला सकाळी काहीच दिलं नाही. तो ओरडून ओरडून थकला, तरी दिलं नाही. इंजेक्शनची वेळ मात्र चुकवायची नाही, म्हणून ते चोख दिलं.

शेजारचा गॅरेजवाला मोईज रिक्षा घेऊन आला तेव्हा फोरमन दारात उभा होता. दोन पावलं टाकली, झिंगल्यासारखा झोकांडला आणि आडवा झाला. डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही.

रतनबाईंनी त्याला उचलून मांडीवर घेतलं. गोरक्षला फोन लावून उपयोग नव्हता, कंपनीत फोन गेटवरच जमा होतो. मोईजनं डॉक्टरांना लावला. दिपालीताईंनी ऐकलं आणि ओरडल्याच, "खायला नाही दिलं? आधी हिरड्यांना साखरेचं पाणी चोळा, मग थेट इकडे आणा!"

"काकी, साखर कुठाय?"

"घरात साखर न्हाई." सुप्रियानं सासूच्या तब्येतीपायी साखरेचा डबाच हद्दपार केला होता.

"मी घरून आणतो," म्हणून मोईज वळला.

"थांब! त्यो हरभऱ्याच्या डाळीचा डबा काढ. खाली हात घाल. आजून खाली."

मोईजच्या हाताला फडक्यात बांधलेला गुळाचा खडा लागला. चांगला ऐवजदार. एका बाजूनं नखानं कोरलेला. त्यानं रतनबाईंकडे पाहिलं.

"बघत काय बसलास? पानी आन!"

गूळ कालवून त्यांनी बोटानं फोरमनच्या हिरड्यांना चोळला. एकदा, दोनदा, पुन्हा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडानं शिव्या, बोक्याला नव्हे, स्वतःला. "फोरम्या, ऊठ की रं. म्यां काय केलं हे!" मग त्याची जीभ हलली. एकदा ओठांवरून फिरली, मग रतनबाईंच्या बोटावरून, आणि लगोलग त्यानं बोट चावलं. आयुष्यात कुणी चावल्याचा इतका आनंद त्यांना झाला नव्हता.

तळवड्याच्या चौकातली गर्दी मोईजनं त्या दिवशी नुसत्या हॉर्नच्या जिवावर फोडली. दिपालीताईंनी बोक्याला सलाइन लावलं, रतनबाईंना चहा दिला, आणि ठासून सांगितलं की मांजराला कधी उपाशी ठेवायचं नाही आणि खाल्लं नाही तर सुई द्यायची नाही, फोन करायचा.

संध्याकाळी गोरक्षनं ओट्यावरचं फडकं उचललं. "आई, हा गूळ कुठला?"

"औशिदाला ठिवला व्हता."

"कुणाच्या?"

"आज कुनाच्या उपेगी पडला त्ये बघ की." रतनबाईंनी पदर सावरला. गोरक्षला रागवायचं होतं, पण हसू आवरेना. सुप्रियानं मात्र तो खडा काचेच्या बरणीत घातला आणि फ्रिजवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवला. बरणी फोरमनची, संकटापुरती. रतनबाई जाता-येता बघायच्या, पण असा राजरोस ठेवलेला गूळ खाण्यात त्यांना काही गोडीच वाटेना.

त्यानंतर एकही घास चुकला नाही. फोरमनचं इन्शुलिन घटत गेलं, आणि थंडी पडता पडता दिपालीताई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही जिंकलात. याचं शरीर आता आपलं आपण सांभाळतंय. इंजेक्शन बंद. खाणं मात्र हेच, आणि तपासणीला येत राहा. कधी परत लागलं तर बघू."

रतनबाईंना एवढा आनंद झाला की रिक्षात त्या मोईजला सारख्या तेच सांगत राहिल्या, आणि तोही प्रत्येक वेळी नव्यानं ऐकल्यासारखा "वा, काकी!" म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चिकन वाटीत घातलं आणि स्वयंपाकाला वळल्या. फोरमननं बरंचसं खाल्लं आणि थांबला. शेवटचे तुकडे तसेच वाटीत. त्यांच्याकडे पाठ करून, मान खाली घालून बसला, हलेना.

"खा की रं. आता न्हाई टोचत तुला."

तो तसाच बसून राहिला. रतनबाई हात पुसत आल्या, त्याच्यामागे खाली बसल्या, आणि मानेमागची कातडी रिकाम्या चिमटीत हलकेच धरून सोडली.

"झालं हं राजा," त्या म्हणाल्या, आणि फोरमन खाऊ लागला.