वरच्या डब्यातली डम्पलिंग्ज

परवा लंडनला, ईलिंगमध्ये लेकीने डम्पलिंग्ज मागवली. बांबूच्या डब्याचं झाकण उचललं तशी वाफेने माझ्या चष्म्याची काच धुरकटली आणि आलं-कांदापातीचा वास आला. "आई, खा ना, गार होतंय," लेक म्हणाली. मी मात्र कार्डिफच्या त्या किचनमध्ये पोचले होते.

वीस वर्षं झाली. हॉस्पिटलमधली माझी पहिली नोकरी, आणि घरात दुसरी भाडेकरू एकच, चीनहून शिकायला आलेली मेई. वर्षातला सगळ्यात लहान दिवस होता, चारलाच अंधारलं होतं. त्या दिवशी तिच्या घरी सगळे मिळून डम्पलिंग्ज करतात; नाही खाल्ली तर थंडीने कान गळून पडतात म्हणे. इथे ती एकटीच पाऱ्या लाटत होती. माझ्यासाठी तिने कोबी-मश्रूमची वेगळी केली, मोदकासारख्या कळ्या पाडून वरच्या डब्यात ठेवली. खालच्या डब्यात पोर्कची होती. खालची वाफ वर जाणार, एवढंच माझ्या डोक्यात बसलं.

"आज माझा उपास आहे," मी म्हटलं, "चंद्र दिसेपर्यंत."

"मग मीही थांबते."

मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तासाभराने पाणी प्यायला खाली आले, तर टेबलावर दोन ताटल्या झाकून ठेवलेल्या. मेई खिडकीशी उभी राहून, काच बाहीने पुसत ढगांत बघत होती.

"अजून नाही दिसला," ती ओशाळून म्हणाली.

हल्ली खालच्या डब्यात काय आहे, हे मी विचारतही नाही. आणि त्या दिवशी तर चतुर्थीसुद्धा नव्हती.