टीव्हीवर उमटलेला शेरा
काल ड्रॉवर आवरताना जुनी एचडीएमआय केबल हाताला लागली आणि मांजरी गावातल्या आमच्या घरातली ती रविवारची सकाळ आठवली. मला बघायला पाहुणे आले होते. पोहे खाऊन झाले होते आणि माझ्या पदवीदानाचा व्हिडिओ त्यांना मोठ्या टीव्हीवर दाखवायचाच, असं बाबांनी ठरवलं होतं. केबलचं एक टोक माझ्या लॅपटॉपला लावून बाबा दुसरं घेऊन टीव्हीमागे घुसले. टीव्ही भिंतीला इतका चिकटलेला, की त्यांना गाल भिंतीला लावून मोबाइलच्या उजेडात जागा शोधावी लागत होती. मी रिमोटने इनपुट बदलत होते, पण स्क्रीन निळीच. मुलगा गप्प बसून होता. त्याचे वडील मात्र उसाच्या लागवडीपासून खराडीच्या ट्रॅफिकपर्यंत सलग बोलत होते. तेवढ्यात टीव्हीवर चित्र आलं. लॅपटॉपमध्ये उघडी राहिलेली, आईने आणि मी केलेली स्थळांची यादी, शेऱ्यांसकट. तिसऱ्या ओळीत याच पाहुण्यांचं आडनाव आणि पुढे लिहिलेलं, 'मुलगा चांगला. वडील फोनवर फार बोलतात.' खोलीत पहिल्यांदाच शांतता पसरली. "दिसतंय का नीट?" बाबांनी टीव्हीमागून विचारलं. "स्वच्छ दिसतंय," मुलाचे वडील म्हणाले आणि माझ्याकडे वळले, "फोनवर मी आवरतं घेतो." मुलगा हसला, तेव्हाच मी मनातल्या मनात बाकीची यादी पुसून टाकली. काल केबल हातात असतानाच सासऱ्यांचा फोन आला. मी तो स्पीकरवर टाकला आणि उरलेले तीन ड्रॉवरही आवरून घेतले.